स्लायसिंगची ओळ पाठ करून भागत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

प्रोग्रामिंग शिकवणारे लेख आता मराठी दैनिकांच्या पुरवण्यांतून येऊ लागले आहेत आणि त्याबद्दल संपादकांचे आभारच मानायला हवेत. मात्र या लेखांत प्रतिमांवरील कामाचा विषय निघाला, की फोटोचा हवा तो भाग कापण्याची रीत, म्हणजेच स्लायसिंग, कोडच्या एका ओळीत उरकली जाते, ‘वाय आधी, एक्स नंतर, एवढे ध्यानात ठेवा’ अशी ताकीद दिली जाते आणि लेख पुढच्या मुद्द्याकडे वळतो. वर्गांतून, क्लासेसमधून आणि शिकवणीच्या व्हिडिओंतूनही हीच पद्धत रुळली आहे. मी स्वतः हा विषय शिकवतो आणि माझे म्हणणे एवढेच आहे, की ही ओळ पाठ करून घेण्याजोगी नाही, कारण ती चुकली तर संगणक बहुधा चकार शब्द काढत नाही. प्रोग्रामिंगमधील इतर बऱ्याच चुका स्वतःच आपला बोभाटा करतात. कंस राहिला किंवा नावात अक्षर चुकले, तर एरर लगेच समोर येते. स्लायसिंग चुकले तर मात्र एक नीटनेटका, रंगीत, आयताकृती तुकडा हाती पडतो. तो फक्त भलत्याच जागेचा असतो.

उदाहरणाशिवाय हे पटणार नाही. १९२० पिक्सेल रुंद आणि १०८० पिक्सेल उंच असा एक रंगीत फोटो घेऊ. पायथन या भाषेत ओपनसीव्ही या प्रतिमांच्या लायब्ररीने (तयार कोडच्या संचाने) तो उघडला, की तो नमपाय या आकडेमोडीच्या लायब्ररीतला, आकड्यांच्या तक्त्यासारखा अ‍ॅरे होऊन हाती येतो आणि त्याचा शेप, म्हणजे मापे, विचारला तर (१०८०, १९२०, ३) असे उत्तर मिळते. म्हणजे आधी ओळींची संख्या, मग स्तंभांची आणि शेवटी रंगांचे तीन थर. या फोटोत एक चेहरा आहे असे समजू. मोजणी शून्यापासून धरून त्याची डावी कड ६०० क्रमांकाच्या स्तंभावर, वरची कड २०० क्रमांकाच्या ओळीवर, रुंदी ३०० आणि उंची ४०० पिक्सेल आहे. तेवढाच चेहरा हवा असेल तर लिहायचे ते असे :

फोटो[२००:६००, ६००:९००]

(वर्तमानपत्रात वाचायला सोपे जावे म्हणून नावे आणि आकडे दोन्ही देवनागरीत लिहिले आहेत. पायथन ३ मध्ये व्हेरिएबलला देवनागरी नाव खरोखरच देता येते. आकडे मात्र इंग्रजी पद्धतीचेच टाकावे लागतात.)

स्वल्पविरामाच्या अलीकडे ओळी, पलीकडे स्तंभ, आणि प्रत्येक ठिकाणी अपूर्णविरामाच्या डावीकडे सुरुवात व उजवीकडे शेवट. रंगांबद्दल काहीच लिहिले नाही, म्हणजे तिन्ही थर जसेच्या तसे घ्यायचे. आता शिकणाऱ्याने आलेखाच्या सवयीने एक्स आधी लिहिला आणि ओळ फोटो[६००:९००, २००:६००] अशी झाली, तर काय होईल? काहीही होणार नाही. प्रोग्राम चालेल, ३०० उंच आणि ४०० रुंद असा तुकडा मिळेल आणि त्यात चेहऱ्याऐवजी खांदा, भिंत किंवा टेबलाचा कोपरा असेल. पाहणाऱ्याने तुकडा डोळ्यांनी पाहिला तर चूक कळेल. पण असे हजारो तुकडे एखाद्या एआय मॉडेलच्या प्रशिक्षणासाठी फोल्डरमध्ये जमा होत असतील, तर ते कोणी उघडून पाहत नाही.

यापुढची गोष्ट मला जास्त खटकते. बहुतेक सरावाच्या प्रतिमा चौरस असतात, ५१२ गुणिले ५१२ हे तर ठरलेलेच माप, आणि उदाहरण म्हणून मधला भाग कापायला सांगतात. म्हणजे फोटो[१२८:३८४, १२८:३८४]. यात ओळी आणि स्तंभ यांची अदलाबदल केली तरी ओळ अक्षरशः तीच राहते, तिचे उत्तरही तेच येते, आणि विद्यार्थ्याच्या डोक्यातला घोळ तसाच ठेवून त्याला पैकीच्या पैकी गुण मिळतात. आडवा फोटो आणि एका बाजूला सरकलेला विषय, एवढा बदल पहिल्याच उदाहरणात केला तर हा घोळ तिथेच उघडा पडेल. इतका साधा बदल कोणी का करत नाही, याचे मला कोडेच आहे.

ओळ आधी का, हे सांगितले तर ती ताकीद लक्षात ठेवण्याची गरजच उरत नाही. फोटोकडे पाहण्याच्या दोन परंपरा आहेत आणि दोन्ही आपण शाळा-कॉलेजातच शिकलेलो असतो. आलेखात बिंदू सांगताना आधी आडवे अंतर, मग उभे, आणि वर जावे तसा वाय वाढतो. मॅट्रिक्समध्ये घटक सांगताना आधी ओळ, मग स्तंभ, आणि पहिली ओळ सर्वांत वर. नमपायला फोटो नावाची वस्तू ठाऊकच नाही; त्याच्या दृष्टीने तो आकड्यांचा मॅट्रिक्स आहे, म्हणून मॅट्रिक्सचा रिवाज लागू होतो. छापील पानावरचा शब्द दाखवताना आपण जसे ‘वरून सातवी ओळ, तिसरा शब्द’ असे म्हणतो, तोच क्रम इथे आहे. वाय खाली जाताना वाढतो याचेही नवल मग वाटत नाही, कारण तो मुळात वाय नाहीच. तो ओळीचा क्रमांक आहे.

मेमरीतही तसेच आहे. वरच्या फोटोत प्रत्येक पिक्सेलला तीन बाइट लागतात, म्हणून एका ओळीला १९२० गुणिले ३, म्हणजे ५,७६० बाइट. सर्वसाधारण मांडणीत या ओळी एकीमागून एक ठेवलेल्या असतात. सगळा फोटो ६२,२०,८०० बाइटांचा. चेहऱ्याचा पहिला पिक्सेल शोधायचा तर २०० ओळी ओलांडायच्या, म्हणजे ११,५२,००० बाइट पुढे जायचे, आणि त्या ओळीत ६०० पिक्सेल, म्हणजे आणखी १,८०० बाइट. चेहरा ११,५३,८०० बाइटांनंतर सुरू होतो, त्याला ४०० ओळी आहेत, प्रत्येक ओळीत ३०० पिक्सेल आहेत आणि एका ओळीतून दुसरीत जायला अजूनही ५,७६० बाइटांचीच उडी मारायची आहे. कापलेल्या तुकड्यासाठी नमपाय एवढीच माहिती नोंदवून ठेवतो. एकही पिक्सेल जागचा हलत नाही. तुकडा शंभर पिक्सेलांचा असो वा दहा लाखांचा, कापायला लागणारा वेळ जवळजवळ सारखाच असतो तो यामुळे. यातून निघणाऱ्या दोन अडचणींकडे पुढे येतो.

आधी अपूर्णविरामाच्या दोन बाजूंबद्दल. २००:६०० म्हणजे २०० पासून ५९९ पर्यंत. शेवटचा आकडा धरायचा नाही. नवशिक्याला हा नसता घोळ वाटतो आणि शिकवणारेही ‘पायथनमध्ये असेच आहे’ म्हणून मोकळे होतात. वास्तविक हा नियम फार विचारपूर्वक ठरलेला आहे. डच संगणकशास्त्रज्ञ एड्सगर डाइक्स्ट्रा यांनी १९८२ साली एका छोट्या हस्तलिखित टिपणात, सलग पूर्णांकांचा पट्टा लिहिण्याच्या चार शक्य पद्धती तपासल्या आणि सुरुवात धरायची, शेवट सोडायचा हीच पद्धत का सरस ठरते ते दाखवले. शेवटातून सुरुवात वजा केली की थेट लांबी मिळते, आणि एक पट्टा जिथे संपतो त्याच आकड्यापासून दुसरा सुरू होतो. याच टिपणात त्यांनी झेरॉक्सच्या संशोधन केंद्रातील मेसा या भाषेचाही दाखला दिला आहे. तिच्यात चारही पद्धतींची सोय होती आणि बाकीच्या तीन वापरताना अवघडलेपणा व चुका होतच राहतात, असा तिथला अनुभव होता.

फोटोच्या बाबतीत हा फायदा हाताने मोजून पाहता येतो. ६०० वजा २०० म्हणजे ४००, चेहऱ्याची उंची. एक मिळवायचा नाही, एक वजा करायचा नाही. फोटोचे वरचा अर्धा आणि खालचा अर्धा असे दोन भाग करायचे तर फोटो[:५४०] आणि फोटो[५४०:]. मधली ओळ दोनदा येत नाही आणि गळतही नाही. १०८० गुणिले १९२० चा फोटो १२० पिक्सेलांच्या चौरस तुकड्यांत पाडायचा तर उभे ९ आणि आडवे १६, असे बरोबर १४४ तुकडे होतात, आणि त्या त्या दिशेने शून्यापासून मोजता क्रमांक क असलेल्या तुकड्यासाठी क*१२०:(क+१)*१२० एवढेच लिहावे लागते. ज्याला हा नियम नीट समजलेला नाही, तो हटकून शेवटी ‘वजा एक’ जोडतो, कारण तसे केल्याने तो ‘शेवटच्या पिक्सेलपर्यंत’ गेला असे त्याला वाटते. मग प्रत्येक तुकडा ११९ चा होतो, आणि तुकडे परत जोडले की १०७१ गुणिले १९०४ चा फोटो तयार होतो. ९ ओळी आणि १६ स्तंभ गायब झालेले असतात आणि जोडाच्या जागी रेषा किंचित तुटलेल्या दिसतात. एवढ्या बारीक तुटींकडे कोणाचे लक्ष जाणार?

आकडे पिक्सेलांना दिलेले नसून पिक्सेलांच्या मधल्या रेघांना दिलेले आहेत असे समजावे; २०० म्हणजे २०० पिक्सेल सोडून आलेली रेघ, ६०० म्हणजे ६०० सोडून आलेली. दोन रेघांच्या मधला भाग आपला. हे चित्र कागदावर एकदा काढले की ‘शेवटचा का सोडायचा’ हा प्रश्न पुन्हा कोणी विचारत नाही. मॅटलॅब आणि ज्युलिया या भाषांत मोजणी एकपासून होते आणि दोन्ही टोके धरली जातात, तिथे हाच चेहरा २०१:६००, ६०१:९०० असा लिहावा लागतो. त्या पद्धतीलाही गणिती लेखनाचा आधार आहे आणि तिला नावे ठेवण्याचे कारण नाही. मात्र एका भाषेतील कोड दुसऱ्या भाषेत नेताना फक्त कंस बदलणाऱ्याला याचा फटका बसतो.

स्लायसिंगच्या मौनाचा कळस पुढे आहे. पायथनमध्ये एकच क्रमांक मागितला आणि तो अस्तित्वात नसला, तर एरर येते. १०८० ओळींच्या फोटोत फोटो[१२००] असे लिहून पाहावे, प्रोग्राम तिथेच थांबतो. फोटो[१२००:१३००] असे लिहिले तर मात्र तो खुशाल चालतो आणि शून्य ओळींचा, रिकामा अ‍ॅरे देतो. फोटो[९००:१३००] मागितले तर ४०० ऐवजी १८० ओळी मिळतात. पट्टा जिथे संपतो तिथे गुपचूप छाटून घ्यायचा, हा पायथनच्या साध्या यादीचाच नियम आहे आणि नमपायने तो तसाच ठेवला आहे. मजकुराच्या कामात तो सोयीचाच ठरतो. प्रतिमांच्या कामात मात्र त्याचे परिणाम लांबवर जातात. वर ओळ-स्तंभांची अदलाबदल सांगितली, ती फोटोच्या उजव्या भागातल्या चेहऱ्यासाठी झाली, समजा फोटो[३००:५००, १४००:१६००] ऐवजी फोटो[१४००:१६००, ३००:५००], तर १४०० वी ओळ नसल्याने तुकडा रिकामाच येतो. प्रोग्राम तरीही तिथे थांबत नाही. काही ओळींनंतर तो तुकडा पडद्यावर दाखवायला, लहान-मोठा करायला किंवा फाइलमध्ये लिहायला गेले, की ओपनसीव्ही रुंदी-उंची शून्य असल्याची तक्रार करते, आणि शिकणारा त्या निर्दोष ओळीकडे पाहत तास घालवतो.

तरी ही तक्रार आलेली बरी. पर्यायांच्या गोळ्यांची उत्तरपत्रिका स्कॅन करून तपासणारा प्रोग्राम घ्या. तो प्रत्येक गोळ्याभोवतीचा छोटा चौरस कापतो, त्यात किती पिक्सेल काळे आहेत ते मोजतो आणि संख्या ठरावीक मर्यादेच्या वर असेल तर गोळा भरला आहे असे मानतो. पान किंचित सरकून स्कॅन झाले आणि कापायचा चौरस कडेबाहेर गेला, तर अ‍ॅरे रिकामा येतो. रिकाम्या अ‍ॅरेतील काळ्या पिक्सेलांची संख्या किती? शून्य. शून्य ही वैध संख्या आहे, ती मर्यादेच्या खाली आहे, म्हणून गोळा भरलेला नाही असा निकाल लागतो. ना एरर, ना इशारा. परीक्षार्थीने उत्तर लिहिलेच नाही अशी नोंद होते. तुकडा कापल्यावर त्याचा शेप अपेक्षेइतका आहे की नाही हे तपासणारी एक ओळ असती, तर पान तिथेच बाजूला काढले गेले असते. ही तपासणी शिकवताना मी तिला ऐच्छिक मानत नाही. ती नसेल तर उत्तर अपुरे धरतो.

ऋण आकड्यांचेही असेच. -१ म्हणजे शेवटचा, -५० पासून म्हणजे शेवटचे पन्नास, ही पायथनची सोय फार लोभस आहे. पण चेहऱ्याभोवती २० पिक्सेलांची मोकळी जागा ठेवावी म्हणून डाव्या कडेतून २० वजा केले आणि चेहरा १२ क्रमांकाच्या स्तंभापासूनच सुरू होत असला, तर सुरुवात -८ होते. नमपाय त्याचा अर्थ ‘उजवीकडून आठवा’, म्हणजे १९१२, असा लावतो. शेवट ३३२ आहे, १९१२ पासून ३३२ पर्यंत पुढे जाताना काहीच येत नाही, आणि तुकडा पुन्हा रिकामा. वजाबाकीचे उत्तर शून्याच्या खाली जाऊ न देणे, म्हणजे शून्य आणि ते उत्तर यांतले मोठे घेणे, हा त्यावर एका शब्दाचा उपाय आहे. याहून फसवे उदाहरण खालची पट्टी छाटण्याचे. खालच्या क ओळी काढून टाकायच्या म्हणून फोटो[:-क] लिहिले, तर क दहा असताना सगळे ठीक चालते. क शून्य असेल तेव्हा, म्हणजे काहीच छाटायचे नसेल तेव्हा, उणे शून्य हे शून्यच असल्याने फोटो[:०] होते आणि अख्खा फोटो नाहीसा होतो. उंचीतून क वजा करून लिहिले तर हा प्रश्नच येत नाही.

आता मघाच्या दोन अडचणी. पिक्सेल जागचे हलत नाहीत, याचा अर्थ कापलेला तुकडा हा मूळ फोटोकडेच पाहण्याची खिडकी आहे. नमपायच्या भाषेत व्ह्यू. तुकड्यात बदल केला की मूळ फोटो बदलतो. कधी हेच हवे असते : वृत्तछायाचित्रातील एखाद्याचा चेहरा अस्पष्ट करायचा असेल तर तेवढा पट्टा डावीकडे लिहून उजवीकडे अस्पष्ट केलेला तुकडा ठेवला, की काम झाले. पण तुकड्यावर प्रयोग म्हणून काळा रंग फासला आणि नंतर मूळ फोटोतून दुसरा तुकडा काढायला गेले, तर तोही डागाळलेला निघतो. पायथनच्या साध्या यादीचे स्लायसिंग नवी यादी देते, म्हणून यादीवर शिकलेल्या विद्यार्थ्याला इथेही प्रत मिळाली असेच वाटते. ती हवी असेल तर शेवटी .कॉपी() लावून मागावी लागते. दुसरी अडचण मेमरीची. खिडकी उघडी आहे तोवर मूळ फोटो मेमरीतून जात नाही. शंभर गुणिले शंभरचा तुकडा ३०,००० बाइटांचा. असे हजार फोटोंतून हजार तुकडे काढून एका यादीत ठेवले, तर तीन कोटी बाइट लागावेत. प्रत्यक्षात प्रत्येक तुकड्यामागे त्याचा ६२ लाख बाइटांचा फोटो अडकून बसतो आणि एकूण ६०० कोटींहून अधिक बाइट व्यापले जातात. संगणक मंदावला म्हणून लोक मेमरी वाढवून घेतात, काम .कॉपी() एवढ्यानेच झाले असते.

‘वाय आधी’ ही ताकीद तर एकाच लायब्ररीतसुद्धा पुरी पडत नाही. ओपनसीव्हीचे चेहरा शोधणारे फंक्शन एक्स, वाय, रुंदी, उंची असे चार आकडे देते; त्याभोवती चौकट काढणारे फंक्शन बिंदू मागते, तो एक्स आधी धरून; माप बदलणाऱ्या फंक्शनला रुंदी आधी लागते; आणि याच फोटोचा शेप उंची आधी सांगतो. पिलो या दुसऱ्या प्रचलित लायब्ररीत कापण्यासाठी स्वतंत्र फंक्शन आहे, त्याला डावी, वरची, उजवी, खालची अशा क्रमाने कडा द्याव्या लागतात. कारण पुन्हा तेच : कंसातल्या बिंदूंना आलेखाचा रिवाज, चौकोनी कंसातल्या अ‍ॅरेला मॅट्रिक्सचा. एआय मॉडेलसाठी वापरल्या जाणाऱ्या पायटॉर्च या लायब्ररीत रंगांचे थर सर्वांत आधी येतात, तिथे शेप (३, १०८०, १९२०) असतो. जुनी ओळ तशीच चालवली तर २०० ते ६०० हे तीन थरांतून मागितले जाते आणि, अर्थातच, रिकामा तुकडा मिळतो. मोबाइलने उभा धरून काढलेल्या फोटोचीही एक गंमत आहे. फिरवण्याची सूचना फाइलमध्ये वेगळी नोंदवलेली असते. ओपनसीव्ही फोटो उघडताना ती सहसा आपणहून पाळते, पिलो सांगितल्याशिवाय पाळत नाही. एकात मोजलेल्या कडा दुसऱ्यात वापरल्या, की उंची-रुंदीच बदललेली असते.

या सगळ्यांवर एक उपाय मला फार उपयोगी वाटतो. एक्स१, वाय१, एक्स२, वाय२ अशी नावेच वापरू नयेत. कडांना त्यांच्या जागेची नावे द्यावीत आणि ओळ फोटो[वर:खाली, डावी:उजवी] अशी लिहावी. ही ओळ वाचताना चूक असेल तर कानाला खटकते; फोटो[डावी:उजवी, वर:खाली] असे कोणी लिहिले तर आधी ओळी हे माहीत असलेला माणूस अर्ध्यावरच थबकेल. वर असलेला आकडा खालच्यापेक्षा लहान हवा, डावा उजव्यापेक्षा लहान हवा, हेही नावांवरूनच तपासता येते.

हल्ली असा युक्तिवाद ऐकू येतो, की कोड लिहून देणारी साधने आली, आता असल्या बारकाव्यांत कोण शिरतो. साधने ही ओळ पटकन लिहून देतात हे खरेच आहे, आणि बहुतेक वेळा ती बरोबरही असते. पण आपला फोटो ओळी आधी धरतो की थर आधी, कडा कोणत्या लायब्ररीतून आल्या, मोकळी जागा सोडताना कड ओलांडली जाईल का, यांतले काही त्या साधनाला आपण सांगितल्याशिवाय कळत नाही. आणि चूक झालीच तर एरर येणार नसल्याने ती पकडायला माणूसच लागतो. टाइप करण्याचे कष्ट वाचले म्हणून वाचण्याचे कष्ट वाचत नाहीत.

एक गोष्ट जाता जाता नोंदवावीशी वाटते, कारण या रीतीकडे पायथनची लहर म्हणून पाहिले जाते. पट्ट्याला तिसरा आकडा जोडून पायरी ठरवण्याची सोय, जिच्यामुळे फोटो[::२, ::२] असे लिहून उंची-रुंदी निम्मी करता येते आणि फोटो[:, ::-१] असे लिहून आरशातले प्रतिबिंब मिळवता येते, ती पायथनमध्ये आकडेमोड करणाऱ्या लायब्ररीच्या लेखकांच्या मागणीवरून १.४ या आवृत्तीत आली. साध्या याद्यांना ती २००३ साली २.३ मध्ये मिळाली. नमपाय २००६ सालचा, त्याच जुन्या लायब्ररीचा वारस. म्हणजे चौकोनी कंसातले हे लेखन प्रतिमांसारख्या कामासाठीच घडत गेलेले आहे, आणि म्हणून त्यामागची कारणे विचारली तर ती सापडतात.

आपल्या पुरवणीतील लेखकांना विनंती अशी, की कापण्याची ओळ देताना तिच्याशेजारी फोटोचा शेप आणि तुकड्याचा शेप हे दोन्ही छापावेत, फोटो चौरस घेऊ नये, आणि कडेबाहेर जाणारे एक तरी उदाहरण द्यावे. तेवढ्याला चार ओळींची जागा पुरते. आणखी एक विनंती छपाई विभागासाठी. मराठी मजकूर जुळवताना अपूर्णविरामाच्या जागी विसर्ग पडण्याची सवय जुनी आहे. नेहमीच्या मजकुरात त्याने काही बिघडत नाही, पण कोडमध्ये वर:खाली चे वरःखाली झाले, तर पायथन त्याला एकच सलग नाव समजतो आणि असे कोणतेही नाव आपल्याला ठाऊक नाही म्हणून एरर देतो. वाचक मात्र छापलेले पाहून तंतोतंत टाइप केल्याचे सांगत राहतो. तेव्हा हे पत्र छापणार असाल, तर वरच्या ओळींतील अपूर्णविराम कृपया एकदा तपासून घ्यावेत.

कळावे.

आपला विश्वासू,
एक वाचक